चॉकलेट खाल्लं म्हणून काय झालं?

रविवारची रात्र. साडेअकरा वाजलेले. सोमवारचं टेन्शन पांघरुणात शिरायची हीच वेळ. तेवढ्यात मोबाइल वाजला. शाळेपासूनची मैत्रीण.

“झोपलीस का गं?”

“झोपले असते तर फोन उचलला असता का?”

“तो नापास झाला.”

तो म्हणजे तिचे चिरंजीव. वय वर्षं चार. या वयात नापास करणारी परीक्षा कोणती, हे कळायला मला दोन मिनिटं लागली. झालं होतं असं की, बाईसाहेबांनी दुपारी एक व्हिडिओ पाहिला. मुलासमोर एक चॉकलेट ठेवायचं. ‘मी परत येईपर्यंत खाल्लं नाहीस तर दोन देईन’ असं सांगायचं आणि खोलीबाहेर पडायचं. जी मुलं थांबतात ती पुढे आयुष्यात चमकतात. जी थांबत नाहीत त्यांचं... जाऊ दे. हिने लगेच प्रयोग केला. ही किचनपर्यंत पोचायच्या आत चिरंजीवांनी ताटली साफ केली. वर विचारतात कसे, “दुसरं कुठंय?”

मी खो खो हसले. ती हसली नाही.

“हसू नकोस. रिसर्च आहे हा. स्टॅनफर्डचा.” मग जरा हळू आवाजात, “इथे जवळच एक क्लास आहे. मुलांना सेल्फ-कंट्रोल शिकवतात. उद्या पैसे भरायचेत. अर्धा पगार जाईल. भरू ना?”

‘रिसर्च आहे’ हे दोन शब्द म्हणजे हल्ली ब्रह्मवाक्य झालंय. आईने सांगितलं तर आपण वाद घालतो, बॉसने सांगितलं तर मनात वाद घालतो, पण रिसर्चने सांगितलं की गप्प! खरं तर अशा वेळी ‘काय निघालं?’ याच्या आधी एक साधा प्रश्न विचारायला हवा: ‘तुलना कुणाची कुणाशी केली?’ मानसशास्त्रातले लोक याला रिसर्च डिझाइन म्हणतात. म्हणजे संशोधनाचा आराखडा. नाव भारदस्त असलं, तरी फंडा सोपा आहे. आणि तो समजून घ्यायला या चॉकलेटइतकं झकास उदाहरण नाही. कारण या एकाच ताटलीवर गेल्या पन्नासेक वर्षांत जवळजवळ सगळी डिझाइन्स वापरून झाली आहेत. आणि दर वेळी उत्तर वेगळं आलंय!

पहिला अंक: ताटली झाका

वॉल्टर मिशेल नावाचे मानसशास्त्रज्ञ स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या आवारातल्या बिंग नर्सरी स्कूलमध्ये १९६०च्या दशकाच्या अखेरीस हे प्रयोग करत होते. चार-पाच वर्षांची मुलं, एक खोली, समोर खाऊ. जास्तीत जास्त पंधरा मिनिटं थांबायचं. पुढे सगळं जग याला ‘मार्शमेलो टेस्ट’ म्हणायला लागलं. गंमत म्हणजे १९७० साली मिशेल आणि एबेसन यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात मार्शमेलो नव्हताच, बिस्किटं आणि खारे प्रेट्झेल होते.

त्याहून महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. कुठलं मूल शहाणं आणि कुठलं अधाशी, हे त्यांना शोधायचंच नव्हतं. त्यांनी मुलांचे गट पाडले. एका गटासमोर खाऊ उघडा ठेवला, एका गटापासून तो लपवला. बाकी खोली तीच, सूचना त्याच. खाऊ डोळ्यांसमोर असलेली मुलं सरासरी साधारण एक मिनिट थांबली. न दिसणारी मुलं अकरा मिनिटांहून जास्त.

याला म्हणतात प्रयोग. एकच गोष्ट आपण स्वतः बदलायची, बाकी सगळं तसंच ठेवायचं आणि काय होतं ते बघायचं. कोणतं मूल कोणत्या गटात जाणार हे मुलाच्या किंवा बाईंच्या मर्जीवर नाही, नशिबावर सोडायचं. म्हाडाच्या सोडतीसारखं! त्यामुळे हट्टी, शांत, भुकेली, पोट भरलेली अशी सगळ्या प्रकारची मुलं दोन्ही गटांत साधारण सारखी विखुरली जातात. मग फरक पडला तर तो ताटलीमुळेच पडला, असं छातीठोकपणे म्हणता येतं.

म्हणजे मूळ प्रयोगाचं उत्तर काय होतं? ‘मोह टाळायचा तर ताटली झाका.’ मुलाच्या भविष्याबद्दल त्यात चकार शब्द नव्हता.

सोडत ऑफिसातही लागते

हे सोडतीचं महत्त्व पटत नसेल तर आपल्या ऑफिसात या. एचआर एक ट्रेनिंग ठेवतं. ज्यांना यायचं त्यांनी या. सहा महिन्यांनी प्रेझेंटेशन: ट्रेनिंग घेतलेल्यांचा परफॉर्मन्स बाकीच्यांपेक्षा सरस. टाळ्या! पण शनिवारी सकाळी आपणहून ट्रेनिंगला येणारी पब्लिक आधीपासूनच कोण असते? तीच, जी मीटिंगला पाच मिनिटं आधी येऊन बसते. ट्रेनिंगने त्यांना चांगलं केलं की चांगले होते म्हणून ते ट्रेनिंगला आले, हे या तुलनेतून कधीच कळणार नाही.

चीनमधल्या सी-ट्रिप या ट्रॅव्हल कंपनीने हा घोळ टाळला. प्रश्न आपल्या जिव्हाळ्याचा होता. घरून काम करणारे खरंच काम करतात की लोळतात? अर्थशास्त्रज्ञ निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डिसेंबर २०१०पासून नऊ महिने कंपनीच्या शांघायच्या कॉल सेंटरमध्ये हे तपासलं. ज्यांनी तयारी दाखवली त्यांतले २४९ जण अटींमध्ये बसले. आता यांतलं घरी कोणाला पाठवायचं? बॉसच्या लाडक्याला? नाही. जन्मतारीख सम असेल तर घर, विषम असेल तर ऑफिस. बस्स! दोन्ही गट घरून काम करायला उत्सुक असलेल्यांचेच. फरक फक्त तारखेचा.

घरून काम करणाऱ्यांची कामगिरी १३ टक्क्यांनी वाढली आणि नोकरी सोडून जाणाऱ्यांचं प्रमाण निम्म्यावर आलं. त्याच प्रयोगातली दुसरी बाजूही सांगते. कामगिरीच्या मानाने घरच्यांना प्रमोशन मात्र कमी मिळालं. नजरेआड ते मनाआड, दुसरं काय! आणि नंतर मनासारखं निवडा म्हटल्यावर निम्म्याहून जास्त लोकांनी बाजू बदलली. एकेकट्याला घर खायला उठलं असावं. पण हा निष्कर्ष कॉल सेंटरचा आहे, जिथे दर कॉल मोजता येतो. तुमच्या-माझ्या कामाला तो जसाच्या तसा चिकटवता येत नाही. प्रयोगाची ही मर्यादा कायम असते. तो ‘कशामुळे’ हे पक्कं सांगतो, पण ‘सगळीकडे असंच का?’ याचं उत्तर एका खोलीतून किंवा एका कंपनीतून मिळत नाही.

दुसरा अंक: मुलं मोठी झाली

पुन्हा चॉकलेटकडे. मिशेल यांच्या स्वतःच्या मुली त्याच नर्सरीत होत्या. त्या मोठ्या होताना घरी वर्गातल्या मुलांच्या गप्पा निघायच्या. अमका कसा आहे, तमकीचं काय चाललंय. मिशेल यांच्या लक्षात आलं की, तेव्हा थांबलेल्या मुलांचं आता जरा बरं चाललेलं दिसतंय. मग त्यांनी जुन्या मुलांच्या पालकांना प्रश्नावल्या पाठवल्या. १९९० साली शोडा, मिशेल आणि पीक यांनी त्याचे निकाल छापले. नर्सरीत जास्त वेळ थांबलेल्या मुलांना कॉलेज प्रवेशाच्या एसएटी परीक्षेत जास्त गुण होते. झालं! इथून व्हिडिओ सुरू झाले.

आता तुलना बघा. इथे कोणी सोडत काढली होती का? या मुलाने थांबायचं, त्याने खायचं, असं कोणी ठरवलं नव्हतं. मुलं आपापल्या स्वभावाने आणि आपापल्या घरातून आली होती. संशोधकांनी फक्त दोन आकडे शेजारी ठेवले, तेव्हाची मिनिटं आणि आताचे गुण. याला म्हणतात सहसंबंध. दोन गोष्टी जोडीने वरखाली होतात एवढंच तो सांगतो. कोणामुळे कोण, हे सांगत नाही.

मुंबईकरांना हे लोकलच्या भाषेत लगेच कळेल. छत्र्यांचा खप वाढला की लोकल लेट होतात. अगदी दरवर्षी. म्हणून काय छत्र्या विकायला बंदी घालायची? छत्री आणि लोकल या दोघींच्या मागे तिसरा भिडू आहे. पाऊस!

चॉकलेटच्या गोष्टीतला पाऊस कुठला? खुद्द मिशेल यांनाच तो फार आधी दिसला होता. १९५०च्या दशकात ते त्रिनिदादला गेले होते. तिथे भारतीय वंशाचे लोक आफ्रिकी वंशाच्या लोकांना उधळे म्हणायचे आणि ते यांना चिक्कू. मिशेल यांनी मुलांना विचारलं, छोटं चॉकलेट आज हवं की मोठं पुढच्या आठवड्यात? दोन्ही समाजांच्या मुलांत फरक दिसला. पण घर तपासल्यावर दुसरीच गोष्ट पुढे आली. ज्यांचे वडील घरात नव्हते ती मुलं ‘आजचं छोटं’ जास्त वेळा निवडत होती. समाजाच्या नावावर खपणाऱ्या फरकाच्या मागे घरची परिस्थिती उभी होती. हा पेपर १९५८चा आहे. म्हणजे मार्शमेलो जगप्रसिद्ध होण्याच्या कितीतरी आधीचा.

आणखी एक. बिंग नर्सरीत मुख्यतः विद्यापीठाशी संबंधित घरांतली मुलं. त्यांतल्या सहाशेहून जास्त मुलांनी हे खेळ खेळले होते. पत्रांना उत्तर आलं १८५ घरांतून. आणि जो गुणांचा गाजलेला संबंध आहे, तो खाऊ समोर उघडा होता आणि कोणतीही युक्ती शिकवली नव्हती अशा मुलांमधला. किती मुलं? पस्तीस! आपल्या सोसायटीच्या गणपतीत याहून जास्त मुलं आरतीला असतात.

तिसरा अंक: जरा जास्त मुलं घ्या

२०१८ साली टायलर वॉट्स, ग्रेग डंकन आणि हाओनान क्वान यांनी ९१८ मुलांची माहिती घेतली. मुलं वेगवेगळ्या थरांतल्या घरांमधली. साडेचार वर्षांची असताना केलेली टेस्ट आणि पंधराव्या वर्षीची प्रगती. संबंध दिसला, पण आधीच्या निम्मा. मग त्यांनी पाऊस बाजूला काढला. आईचं शिक्षण, घरचं उत्पन्न, घरातलं वातावरण, मुलाची लहानपणची आकलनशक्ती हे सगळं हिशेबात धरल्यावर उरलेल्या संबंधातलाही सुमारे दोन तृतीयांश भाग विरघळून गेला. २०२४ साली याच मुलांपैकी ७०२ जणांचा २६व्या वर्षीचा हिशेब छापून आला. चॉकलेटच्या मिनिटांवरून मोठेपणीच्या आयुष्याचा भरवशाचा अंदाज बांधता येत नाही, हा त्याचा निष्कर्ष.

मग संयम वगैरे सगळं झूठ? थांबा, एवढ्यात उडी मारू नका. न्यूझीलंडमध्ये ड्युनेडिन नावाचं गाव आहे. तिथे १९७२-७३मध्ये जन्मलेल्या १०३७ मुलांच्या मागे संशोधक आजपर्यंत लागलेले आहेत. त्याच माणसांना पुन्हा पुन्हा बोलवायचं, पुन्हा पुन्हा तपासायचं. याला लाँगिट्यूडिनल म्हणजे दीर्घकालीन अभ्यास म्हणतात. टेरी मॉफिट आणि सहकाऱ्यांनी २०११ साली दाखवलं की, लहानपणी संयम कमी असलेल्यांची वयाच्या ३२व्या वर्षी तब्येत आणि पैशाची घडी जास्त विस्कटलेली होती. घरची परिस्थिती आणि बुद्ध्यांक हिशेबात धरूनसुद्धा. पण त्यांनी संयम मोजला कसा? एका ताटलीवर नाही. वयाच्या तीनपासून अकरापर्यंत अनेकदा, आणि आई-वडील, शिक्षक, निरीक्षक अशा वेगवेगळ्या लोकांना विचारून. म्हणजे एक ट्वेंटी-ट्वेंटी मॅच आणि अख्खा रणजी सीझन, एवढा फरक!

त्याच पेपरात आणखी एक नामी तुलना आहे. ब्रिटनमधल्या जुळ्या भावंडांची. घर एक, आई-बाबा एक, फ्रिजमधला खाऊ एक. तरी पाचव्या वर्षी ज्याचा संयम कमी होता, ते भावंड बाराव्या वर्षी अभ्यासात मागे आणि सिगारेटकडे झुकण्यात पुढे असण्याची शक्यता जास्त. सोडत काढता येत नाही, कारण मुलाला ‘तू अधाशी हो’ असं सांगता येत नाही. मग निदान घराचा पाऊस दोघांवर सारखा पडेल अशी जोडी शोधायची. सुपीक डोकं म्हणतात ते हेच.

दीर्घकालीन अभ्यासाची अडचण एकच. वेळ. संशोधकाचे केस पांढरे होतात. म्हणून शॉर्टकट काढतात. आजच्या २५ वर्षांच्या आणि आजच्या ६० वर्षांच्या लोकांना एकाच दिवशी तपासायचं. आठवड्यात रिपोर्ट तयार. पण यात वयाचा फरक आणि पिढीचा फरक यांची मिसळ होते. तर्री कुठली आणि रस्सा कुठला, कळत नाही. वॉर्नर शाय यांनी १९५६ साली सुरू केलेल्या सिअ‍ॅटलच्या अभ्यासात हेच दिसलं. एकाच दिवशी मोजलं तर वाटतं, बुद्धी फार लवकर उतरणीला लागते. तीच माणसं दर सात वर्षांनी मोजली तर बऱ्याच क्षमता साठीपर्यंत टिकून असतात. काकांची बुद्धी कमी झाली नव्हती. काकांच्या काळात शाळा कमी होत्या!

चौथा अंक: शब्द पाळणारी ताई

आता माझा सगळ्यात आवडता प्रयोग. सेलेस्ट किड, हॉली पाल्मेरी आणि रिचर्ड अ‍ॅस्लिन. रॉचेस्टर विद्यापीठ. २०१३ साली छापून आलेला. मुलं फक्त २८. चॉकलेटच्या आधी त्यांना चित्र काढायला बसवलं. समोर जुनेपाने खडू. ताई म्हणाली, थांबलास तर मस्त नवे रंग आणते. अर्ध्या मुलांना तिने खरंच आणून दिले. उरलेल्यांना परत येऊन सांगितलं, सॉरी, संपले वाटतं. स्टिकर्सच्या बाबतीतही तेच. कोणाला कुठली ताई मिळाली, तर पुन्हा सोडत.

मग मार्शमेलो. शब्द पाळणाऱ्या ताईकडची मुलं सरासरी १२ मिनिटं थांबली. फसवणाऱ्या ताईकडची ३ मिनिटं. पूर्ण पंधरा मिनिटं काढणारी मुलं पहिल्या गटात १४पैकी ९, दुसऱ्यात १४पैकी १.

म्हणजे चॉकलेट पटकन खाणारं मूल अधाशीच असेल असं नाही. ते हिशेबीही असू शकतं. दुसरं येणारच नसेल तर हातातलं का सोडा? मुलं २८च आहेत, म्हणून यावर इमले बांधू नयेत, हे मान्य. पण इथे ताईचं वागणं संशोधकांनी स्वतः बदललं होतं. म्हणून फरक ‘कशामुळे’ पडला, हे पस्तीस मुलांच्या गुणांपेक्षा इथे स्पष्ट कळतं. आकडा लहान असला तरी तुलना स्वच्छ आहे.

हे सगळं मी त्या रात्री फोनवर सांगितलं. अर्थात इतकं सलग नाही, मध्येमध्ये तिची ‘पण’ होती. शेवटी मी विचारलं, “तुझं ‘पाच मिनिटांत आले राजा’ किती मिनिटांचं असतं गं?”

पलीकडे शांतता. मार्चपासून तिच्या प्रोजेक्टची डेडलाइन चाललीये. सातला येते सांगून नऊ वाजतात. कधी साडेनऊ. आजी सांभाळते, पण खिडकीत मूल उभं असतंच.

“म्हणजे माझ्यामुळे?” तिचा आवाज एकदम बारीक झाला.

इथे मी जीभ चावली. कारण तिला समजवता समजवता मीही तेच केलं होतं. एक मूल, एक चॉकलेट, एक दुपार. याला फार तर एका व्यक्तीचा अभ्यास म्हणता येईल. त्यातून प्रश्न सुचतात, उत्तरं नाहीत. तो भुकेला असेल. त्याला चॉकलेट जाम आवडत असेल. मॅडम, तो चार वर्षांचा आहे, एवढंही कारण पुरेसं आहे! तिला मी तसं सांगितलं. ऑफिसातून उशिरा येणाऱ्या आयांच्या डोक्यावर आणखी एक गिल्ट ठेवायला मी हा कॉलम लिहीत नाही.

तिने दुसऱ्या दिवशी पैसे भरले नाहीत. क्लासवाल्यांना फक्त एक विचारलं. तुमच्याकडे आलेल्या आणि न आलेल्या मुलांची तुलना केलीय का, आणि कोण येणार हे कोणी ठरवलं? उत्तरादाखल तिला तोच व्हिडिओ फॉरवर्ड झाला.

आणि हो, ती आता सातला येते का? नाही. डेडलाइन आहे तशीच आहे. पण आता फोनवर ‘पाच मिनिटांत आले’ म्हणत नाही. ‘तू जेवून झोपलास की मी येईन, सकाळी दूध आपण एकत्र पिऊ’ असं सांगते. आणि सकाळी पिते. चिरंजीवांचा संयम वाढला का, ते विचारू नका. सोडत काढलेली नाही!

फंडा क्लिअर: ‘रिसर्च आहे’ म्हटलं की विचारा

• तुलना कुणाची कुणाशी? तुलनाच नसेल तर तो अनुभव आहे, पुरावा नाही.

• गट कोणी पाडले? सोडतीने असतील तर ‘कशामुळे’ म्हणता येईल. आपणहून आले असतील तर आधी पाऊस शोधा.

• माणसं किती आणि कुठली? पस्तीस प्राध्यापकांची मुलं म्हणजे अख्खं जग नव्हे.

• एकदा मोजलं की पुन्हा पुन्हा? आणि तीच माणसं की वेगवेगळ्या वयाची?

• दुसऱ्या कोणी करून पाहिलं का? तेव्हा काय निघालं?

पाचही उत्तरं मिळाली तर खुशाल फॉरवर्ड करा. नाही मिळाली तर चॉकलेट खा. ताटली समोर असेल तर तसंही एक मिनिटच हातात आहे!